बांधकामावरची सुरक्षितता : शिकवायचे कोणाला?

बांधकामावर माणूस मरतो तेव्हा पहिली शोधाशोध होते ती दारूच्या वासाची. मग विचारतात, टोपी कुठे होती? पट्टा बांधला होता का? तिथे गेलाच कशाला? तिन्ही-चारही प्रश्न मेलेल्याला विचारलेले असतात आणि मेलेला उत्तर देत नाही, त्यामुळे चौकशी लवकर आटोपते. त्याला तिथे उभे कोणी केले, त्याच्या पायाखाली फळी होती की नाही, ती फळी बसवायला किती खर्च आला असता आणि तो नको असे कोणी ठरवले, हे प्रश्न जिवंत माणसांना विचारायचे असतात. ते विचारले जात नाहीत.

मी स्थापत्याचा डिप्लोमा करून अकरा वर्षे साइटवर सुपरवायझर होतो. आता साइटवरच्या इंजिनिअर-मॅनेजर मंडळींचे सुरक्षिततेचे वर्ग घेतो. माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. तेव्हा परांचीखालची बाजू आणि परांचीवरून खाली बघणाऱ्याची बाजू, दोन्ही मला ठाऊक आहेत. हा विषय या नियतकालिकाच्या वाचकाला कोरडा वाटण्याचा संभव आहे. पण आपल्या समाजातली, भटक्या-विमुक्तांतली आणि आदिवासींतली जी माणसे गाव सोडून शहराच्या नाक्यावर उभी राहतात, ती बहुतेक याच धंद्यात शिरतात. त्यांचे मरण-जगणे ज्याच्या एका होकारावर अवलंबून असते, त्या साइटवरच्या साहेबाला काय शिकवले जाते, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

हा वर्ग बहुधा दोन दिवसांचा असतो. थंडगार हॉल, पडद्यावर चित्रे, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. पहिल्या सकाळी मी फळ्यावर एकच प्रश्न लिहितो : अपघात का होतात? उत्तरे ठरलेली असतात. बेफिकिरी, अशिक्षितपणा, व्यसन, 'सांगून ऐकत नाहीत', 'या लोकांना सवयच असते'. अर्ध्या तासात फळा भरतो, आणि त्यावर मॅनेजरच्या हातातली एकही गोष्ट नसते. जणू इमारत मजुरांनीच ठरवली, त्यांनीच तारखा दिल्या आणि मालही त्यांनीच मागवला.

यातले सर्वांत घातक उत्तर शिवीचे नाही, स्तुतीचे आहे. 'ही माणसे फार काटक असतात हो!' वडार काटक, लमाण काटक, पालमूरकडून आलेले मातीकामवाले काटक, आदिवासी तर विचारूच नका. जो काटक असतो त्याला शिडी लागत नाही, तो बांबूवरून चढतो. त्याला हातमोजे लागत नाहीत, त्याचे हात दगडाचे. त्याच्या बाईला सावली लागत नाही. एखाद्या समूहाला जन्मतःच सोसण्याची शक्ती असते असे एकदा मानले, की त्याने सोसावे अशी व्यवस्था करणे हा अन्याय वाटेनासा होतो. जातीने हेच तर आजवर केले. आता ती धर्मग्रंथ हातात घेत नाही, हजेरीचे पुस्तक घेते, एवढाच फरक.

म्हणून मी वर्गात उपदेश करीत नाही. मातीपासून सुरुवात करतो, कारण मातीला जात कळत नाही.

एक घनमीटर माती दीड टनाहून अधिक भरते. ड्रेनेजच्या चरात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीपर्यंत ती आली की श्वास आत घेता येत नाही. डोके बाहेर असले तरी माणूस मरतो. पालमूरचा असो की प्राध्यापक असो, फासळ्यांची ताकद सारखीच. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ठेक्यांना एक सुरक्षा-संहिता जोडलेली असते. ती सांगते : चर दीड मीटर किंवा अधिक खोल असेल तर त्याच्या बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत्या करा, नाहीतर लाकडी आधार देऊन धरून ठेवा. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर, किंवा खोलीच्या निम्मे, यांत जे जास्त असेल तेवढी दूर टाका. चर १.२ मीटर किंवा अधिक खोल झाला की दर ३० मीटरला एक शिडी, आणि ती काठाच्या वर ९० सेंटिमीटर आलेली. खणायचे ते वरून खाली. पोटात कोरत जायचे नाही. यात न कळण्यासारखे काय आहे? आमच्या विहिरी खणणाऱ्या आजोबांना हे पुस्तकावाचून कळत होते.

मग माती काठावरच का पडते? कारण ती दूर न्यायला डंपरची खेप लागते आणि खेपेला पैसे लागतात. आधार का नसतो? कारण त्याच्या फळ्या-वाशांचा हिशेब टेंडर भरतानाच कोणी धरलेला नसतो, आणि पाइपवाला उद्या येणार असतो. हे तिन्ही निर्णय मजूर चरात उतरण्याच्या आधी, ऑफिसात खुर्चीवर बसून झालेले असतात. चर कोसळतो दुपारी तीनला. अपघात त्याच्या आठ दिवस आधीच झालेला असतो.

स्लॅबचेही तसेच. ओल्या काँक्रीटचे सारे वजन सेंटरिंगच्या टेकूंवर असते. काँक्रीटला स्वतःचा भार पेलण्याइतके बळ यायला दिवस लागतात. भारतीय मानक ४५६ ने (२००० ची आवृत्ती) हे दिवस सांगून ठेवले आहेत. साधे पोर्टलंड सिमेंट आणि १५ अंशांच्या खाली न गेलेले हवामान असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे १४ आणि त्यापुढे २१ दिवस. वर्गातल्या प्रत्येकाला हा तक्ता पाठ असतो, परीक्षेत येऊन गेलेला असतो. तरीही टेकू लवकर का निघतात? सेंटरिंगवाल्याच्या प्लेटा आणि जॅक मोजके असतात, भाड्याचे असतात. वरचा मजला भरायचा तर खालचे काढावेच लागतात. महिन्यात इतके स्लॅब असा वायदा बिल्डरने दिलेला असतो आणि फ्लॅट घेणाऱ्यांचे पैसे त्या स्लॅबच्या टप्प्यांना बांधलेले असतात. 'काढून घे रे' असे साहेब तोंडी सांगतो. लेखी कोणीच देत नाही. टेकू काढताना जो खाली असतो तो अडाणी ठरतो, आणि तक्ता पाठ असलेला शिकलेला राहतो.

येथे शिक्षणाचा मूळ मुद्दा येतो. सुरक्षिततेच्या शास्त्रात उपायांना एक क्रम आहे आणि तो उलटा करता येत नाही. पहिला उपाय धोकाच नाहीसा करण्याचा : जे काम जमिनीवर करून वर चढवता येते ते वर करायचेच नाही. तो जमत नसेल तर धोका कमी असलेली वस्तू किंवा पद्धत घ्यायची. मग आडकाठी : कठडा, जाळी, लिफ्टच्या डक्टच्या तोंडाला पक्के झाकण. त्यानंतर कामाची शिस्त, वेळा, परवाने. आणि अगदी शेवटी, वरचे सारे करून जो धोका उरला त्याच्यासाठी, टोपी आणि पट्टा. आपल्याकडे शिक्षण सुरू होते ते या शेवटच्या पायरीपासून आणि संपतेही तिथेच. याचे कारण उघड आहे. टोपी मजुराच्या डोक्यावर असते, म्हणून ती नसण्याचा दोषही त्याच्याच डोक्यावर बसतो. कठडा नसण्याचा दोष मात्र वर सरकत जातो.

पट्ट्याचे तर मला हसूच येते. साहेब अभिमानाने सांगतात, 'शंभर टक्के लोकांना पट्टे दिले.' मी विचारतो, अडकवायचा कशाला? परांचीच्या त्याच बांबूला, जो काथ्याने बांधला आहे? वर पक्की दोरी ताणलेली नाही, भिंतीत कडी नाही. अशा वेळी पट्टा हे कमरेला बांधलेले प्रमाणपत्र असते. आता बांबूवर माझा राग नाही. चांगला बांबू, चांगला बांधणारा आणि रोजची तपासणी असेल तर परांची उत्तम उभी राहते. त्याच केंद्रीय संहितेत ३.६ मीटरहून उंच परांचीला किमान ९० सेंटिमीटरचा कठडा सांगितला आहे. माझी विनंती एवढीच, की टोप्या मोजण्याआधी कठडे मोजावेत.

आता टाकीची गोष्ट. नवी बांधलेली जमिनीखालची पाण्याची टाकी. स्लॅब भरून तीन-चार आठवडे झालेले, आत सेंटरिंगची ओली लाकडे तशीच. वर एकच दोन फुटांचे तोंड. ओले लाकूड कुजताना बंद जागेतला ऑक्सिजन खाऊन टाकते. वास येत नाही, धूर दिसत नाही. साध्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो; साडेएकोणीसच्या खाली गेला की आत उतरू नये असा दंडक आहे, आणि दहाच्या खाली माणूस शुद्ध हरपून कोसळतो. पहिला पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, बहुधा भाऊ किंवा गाववाला. तोही पडतो. तिसराही. अशा बातम्या आपण वाचतो आणि 'विषारी वायू' असे म्हणून पान उलटतो. कित्येकदा तिथे विष असे काही नसतेच; हवा नसते. उपाय गुंतागुंतीचा नाही. दुसरे तोंड ठेवून ते उघडावे, पंख्याने आत हवा सोडावी, उपकरणाने ऑक्सिजन मोजावा, उतरणाऱ्याच्या अंगात दोरीसह पट्टा असावा, वर दोन माणसे कायम उभी असावीत आणि त्यांनी मागोमाग उतरायचे नाही अशी सक्त ताकीद असावी. यांतले काही नसेल तर परवाना नाही.

पण त्या टाकीत कोणाला उतरवले जाते? सुतार उतरत नाही, फिटर उतरत नाही. टाकी, गटार, चेंबर हे शब्द आले की साइटवर नजर आपोआप कोणाकडे वळते हे सांगायला नको. गटारात माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्याआधी १९९३ चा होता, तो हाताने मैला काढण्याविरुद्धचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. तरी मॅनेजरांच्या प्रशिक्षणात बंद जागेच्या धड्यात वायूंची नावे असतात, जातीचे नाव नसते. बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे हेच मांडले होते : अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून राबतो आणि तिथेच अडकून राहतो, वरच्या जागा त्याला बंद असतात. कोणते काम कोणाला, हे ठरते तेव्हाच कोणता मृत्यू कोणाला, हेही ठरते. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेबांकडे जे मजूर खाते होते, त्याच खात्याखाली केंद्र सरकारचे सार्वजनिक बांधकामही होते.

साइट म्हणजे केवळ उभी राहणारी इमारत नव्हे. मजूर राहतो कुठे, हाही मॅनेजरचाच निर्णय. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत कोसळून तिच्याशेजारच्या मजुरांच्या झोपड्यांत पंधरा माणसे मेली, त्यांत लहान मुलेही होती. त्या वेळी कोणीही कामावर नव्हते, सारी झोपेत होती. टोपीचा तिथे काय उपयोग? पावसाळ्याच्या तोंडाशी भिंतीच्या पायथ्याला झोपड्या बसवू नयेत, हा धडा वर्गात घ्यायला दोन मिनिटे लागतात. तीच गोष्ट पाणी, संडास आणि पाळणाघराची. झोळी कॉलमच्या सळीला बांधलेली असते तेव्हा आई घमेले घेऊन चालते समोर आणि बघते मागे. पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर हवे असे १९९६ च्या कायद्याने सांगितले होते. साहेबांनी संख्या एकोणपन्नासवर ठेवायची युक्ती तेवढी शिकून घेतली. सिमेंटने हात सोलवटतात, कारण ते अल्कधर्मी असते आणि त्यात क्रोमियमचा अंश असतो. दगड आणि काँक्रीट कापताना उडणारी सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. हे अपघात नाहीत म्हणून कुठल्या नोंदीत येत नाहीत. मजूर गावी परत जातो आणि तिथे 'दम्याने' मरतो.

कायद्याविषयी थोडक्यात. बांधकाम मजुरांच्या संघटनांनी ऐंशीच्या दशकापासून लढून १९९६ चा बांधकाम कामगार कायदा मिळवला. सतत आणि पुरेशी देखरेख ही मालकाची जबाबदारी, अठ्ठेचाळीस तास कामाला मुकवणाऱ्या दुखापतीचीही खबर सरकारला द्यायची, पाचशे किंवा अधिक मजूर असतील तर सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी, असे त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २०२० आली आहे. बांधकामावर सुरक्षा अधिकाऱ्यासाठी तिने अडीचशेची मर्यादा घातली. आकडा खाली आला हे चांगले. पण आपल्या बहुसंख्य साइटा वीस-तीस मजुरांच्या असतात, आणि मोठ्या साइटीवरही माणसे सात पोटठेकेदारांच्या सात वह्यांत वाटलेली असतात. जिवाला धोका वाटला तर मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क या संहितेने दिला आहे. काम थांबवून उभे राहण्याचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत नाही. आणि असता तरी ज्याने मुकादमाकडून वीस हजारांची उचल घेतली आहे, ज्याचे काम उक्ते आहे, तो कोणाच्या जोरावर थांबणार?

मुकादमाशिवाय हे सारे शिक्षण लंगडे आहे. साइटवरचा खरा मॅनेजर तोच. माणसे तो आणतो, उचल तो देतो, भाषा त्याला येते. सकाळी साहेब पाच मिनिटे हिंदीत सूचना देतात. समोर तेलुगू, गोरमाटी, संथाळी बोलणारी माणसे माना डोलावतात आणि सही ऐवजी अंगठे उमटतात. बायका तर पाठीमागे उभ्या असतात, कारण त्या 'नुसत्या बिगारी'. कित्येक वर्षे काम करूनही बाईच्या हाती थापी येत नाही, तसे सुरक्षिततेच्या बैठकीत तिच्या तोंडी वाक्य येत नाही.

कार्यकर्त्यांसाठी एक मुद्दा मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तो तालुक्याच्या पोलीस ठाण्यात कामाला येतो. 'दारू प्यायला होता', 'पट्टा बांधला नाही' ही सबब मृत्यूच्या बाबतीत भरपाई नाकारायला चालत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यात हे अपवाद होते, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर ते लागू नव्हते. सामाजिक सुरक्षा संहितेतही तत्त्व तेच ठेवले आहे. ठेकेदार पळाला तरी ज्याचे काम चालले होते त्या मूळ मालकावर भरपाईची जबाबदारी येते. तेव्हा वास शोधणाऱ्यांना शोधू द्यावे. आपण हजेरीचे पुस्तक, स्लॅब भरल्याची तारीख, टेकू काढल्याची तारीख, कामाचा परवाना आणि जागेचे फोटो ताब्यात घ्यावेत, तेही त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी कठडा उभा राहिलेला असतो.

मोठ्या कामांवर तंत्र असते, पैसा असतो, प्रशिक्षित माणसेही असतात. म्हणून ती सुरक्षित असतात असेही नव्हे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारे अजस्त्र यंत्र कोसळून वीस माणसे गेली. ब्रिटनमध्ये १९९४ च्या नियमांनी बांधून घेणारा मालक आणि नकाशा काढणारा यांनाही सुरक्षिततेला बांधून घेतले. आपल्याकडे नकाशा काढणारा साइटवर येतो तो भूमिपूजनाला.

अलीकडे मी दुसऱ्या दिवसाचा वर्ग हॉलमध्ये घेत नाही, साइटवर घेतो. मुकादम आणि मजूर असल्याशिवाय वर्ग नाही, अशी अट घालतो. ती ऐकून दोन कंपन्यांनी मला बोलावणे सोडून दिले. गेल्या पावसाळ्याआधी एका साइटवर मॅनेजरांना सांगितले, तुम्ही फक्त ऐका आणि लिहा. बराच वेळ कोणी बोलेना. मग परभणीकडच्या एक मावशी म्हणाल्या, "साहेब, त्या उतरणीवर पट्ट्या ठोका की. घमेल्यानं खालचं दिसत नाही अन् पाय सरकतो. तीनदा सांगितलंय." मॅनेजरने विचारले, "कोणाला सांगितलं?" मावशींनी मुकादमाकडे पाहिले, मुकादमाने जमिनीकडे. दुपारपर्यंत सुताराने उतरणीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या. डक्टच्या कठड्यासाठी मात्र वहीत 'पुढील आठवड्यात' अशी नोंद झाली. तिच्याखाली मी मॅनेजरची सही घेतली, तारखेसकट.